वेटोळ्यातली अंडी

मी एक अजगरीण बोलतेय. शेळी गिळणारी, झाडावरून लोंबणारी ती मी नव्हे. माझी जात आफ्रिकेतली आणि ठेंगणी. पूर्ण वाढलेली मादी चार-साडेचार फुटांची. भीती वाटली की डोकं मध्ये घेऊन आम्ही चेंडूसारखे गोल होतो, म्हणून लोक आम्हाला बॉल पायथन म्हणतात. आफ्रिका मी कधी पाहिली नाही. माझा जन्म बेंगळुरूच्या एका टोकाला, बोम्मसंद्र्यात झाला आणि आता मी दुसऱ्या टोकाला, येलहंक्यात राहते.

मला बाहेरून दिसणारे कान नाहीत. माणसांचं बोलणं मला जमिनीतून आणि खोक्याच्या तळातून जाणवतं. दिसतंही अंधुक. पण माझ्या वरच्या ओठाला बारीक खळगे आहेत, त्यांतून मला ऊब कळते. कोण आलं, हात शांत आहे की थरथरतोय, हे मी उबेवरून ओळखते. माणसं चेहरा सांभाळतात. हाताचं त्यांच्या लक्षात राहत नाही.

मला वाढवलं त्रिविक्रमने. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात तो यंत्रावर काम करायचा आणि भाड्याच्या घरातल्या एका खोलीत आमची पैदास करायचा. खोलीत लोखंडी मांडणी होती, मांडणीत कपाटाला असतात तसे प्लास्टिकचे खण, आणि प्रत्येक खणात एक साप. अंग दुमडून बसण्यापुरती जागा, खाली नारळाचा भुसा, पाण्याची एक वाटी. मागच्या बाजूने गरम पट्टी जायची. जागा कमी होती, पण अंधार होता आणि ऊब होती, आणि सापाला आधी तेवढंच हवं असतं. त्रिविक्रम वाईट माणूस नव्हता. पाणी रोज बदलायचा. माझी कात एका तुकड्यात निघाली की ती उजेडात धरून बघत बसायचा.

थंडी सुरू झाली की तो पट्टीची ऊब थोडी उतरवायचा आणि माझ्या खणात नर सोडायचा. उन्हाळ्याच्या तोंडाला मी अंडी घालायचे. आमच्या जातीची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालते आणि पिल्लं फुटेपर्यंत, जवळजवळ दोन महिने, काही न खाता तशीच बसते. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पण बसायला मला कधी मिळालंच नाही. वेटोळं पुरतं आवळायच्या आत त्रिविक्रमचे हात यायचे. एकेक विळखा सोडवून तो अंडी काढून घ्यायचा आणि उबवण्याच्या पेटीत ठेवायचा. "झालं हं, झालं," म्हणायचा, आणि माझा खण आत सरकवायचा. माझं एकही पिल्लू मी पाहिलेलं नाही.

मग त्याचे वडील अंथरुणाला खिळले आणि त्याला नोकरी सोडून गावी, हासनकडे, जावं लागलं. मांडणी रिकामी करायची होती. पिल्लांना लगेच घरं मिळाली. लोकांना पिल्लूच हवं असतं, बोटांभोवती गुंडाळता येईल असं. अंडी घालून घालून पाठीचा कणा वर आलेली मोठी मादी कुणाला नको होती. शेवटी त्याच्याच कारखान्यातला रणवीर तयार झाला.

"जोडीच घेऊन जा," त्रिविक्रम त्याला म्हणाला. "सरकारी नोंदणी केलेली आहे, ती तुझ्या नावावर करून देतो. फक्त एक ऐक. दोघांना एका जागी ठेवू नकोस."

"सरी, अण्णा, सरी," रणवीरने कन्नडात होकार दिला.

कापडी पिशवीत गाठ मारून, ती पिशवी बॅगेत ठेवून, कंपनीच्या बसमध्ये मांडीवर घेऊन त्याने मला अख्खं शहर ओलांडून नेलं. सिल्क बोर्डच्या चौकात बस फार वेळ थांबून राहिली होती. खालून तिचं इंजिन थरथरत होतं आणि मी पिशवीत चेंडू होऊन पडले होते.

येलहंक्याच्या जुन्या वस्तीत त्यांचं घर. माणसं तीनच. रणवीर, त्याची बायको संयोगिता आणि त्याची आई सगुणाबाई. कितीतरी पिढ्यांपूर्वी त्यांचे पूर्वज इकडे आले ते इथलेच झाले. घरात मराठी बोलतात, पण त्या मराठीत कन्नड शब्द इतके मिसळलेत की कुठला कुठून आला हे त्यांना आता आठवतही नाही.

रणवीरने हौसेने हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला काचेची मोठी पेटी मांडली होती. खाली वर्तमानपत्र, वर झगझगीत दिवा, मध्ये एक फांदी. लपायला कुठेही जागा नाही. चारी बाजूंनी माणसांच्या उबा हलायच्या आणि कुठल्या बाजूने काय अंगावर येईल याचा पत्ता नसायचा. हवा कोरडी. पहिली कात माझ्या अंगावरून चिंध्यांसारखी निघाली.

आणि माझ्याबरोबर आणलेला नर त्याच पेटीत होता. दिव्याखालची ऊबदार जागा एकच, म्हणून तो माझ्या अंगावर चढून बसायचा. बघायला आलेले लोक म्हणायचे, किती प्रेम आहे बघा दोघांचं. मी खालून निसटायला बघायचे आणि पेटी संपायची.

सगुणाबाई स्वयंपाकघराच्या दारातून पुढे येत नसत. तिथूनच हात जोडायच्या.

"नागप्पा असता तर मी काही बोलले नसते," त्या रणवीरला म्हणाल्या. "हा कुठल्या मुलखाचा जीव आहे, काय आहे. घरात सून आहे, एवढं तरी बघायचं होतंस."

"आई, विषारी नाही तो."

"विषाचं कोण बोलतंय?"

संयोगिता तेव्हा तिथेच होती. ती आतल्या खोलीत गेली. तिची दोन गरोदरपणं अर्ध्यावर गेली होती. दुसरं आदल्याच वर्षी, पाचव्या महिन्यात. हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळलं की या घरात पावलं फार जपून पडतात.

मी खाणं सोडलं. आमची जात घाबरली की पहिल्यांदा खाणं सोडते. रणवीर मेलेला उंदीर समोर धरायचा, मी डोकं फिरवायचे. त्याने कुठेतरी वाचलं की जिवंत दिला तर खाईल. एका रविवारी सकाळी त्याने जिवंत उंदीर पेटीत सोडला आणि फोन आला म्हणून बाहेर गेला.

मला भूक नव्हती. उंदराला होती. तो सुटायला वाट शोधत पेटीभर फिरला, दमला आणि मग माझ्या पाठीला लागला. मी चेंडू होऊन पडून राहिले. आम्हाला तेवढंच येतं.

संयोगिता चहाचे कप उचलायला आली तेव्हा तिने पाहिलं. तिने हात आत घातला आणि तो उंदीर उघड्या हाताने काढला. तिलाही तो चावला. त्याआधी तिने मला कधी हात लावला नव्हता.

रणवीर आला तेव्हा ती माझी जखम मिठाच्या कोमट पाण्याने पुसत होती.

"मला वाटलं खाईल," तो म्हणाला.

"खाल्लं नाही तर काय होईल, हे वाटलं नाही तुला."

"मी बाहेरच होतो."

"तू नेहमी बाहेरच असतोस, रणवीर," ती म्हणाली. ती फक्त उंदराबद्दल बोलत नव्हती.

त्या दिवसापासून मी तिची झाले. ती जवळच्याच एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारी एक डॉक्टर तिने शोधून काढली. डॉक्टरीणबाईंनी जखमेवर औषध दिलं आणि मग विचारलं, "राहते कशात?" संयोगिताने सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "म्हणजे भर रस्त्यात खाट टाकून दिलीय तुम्ही तिला."

संयोगिताने मला मागच्या खोलीत हलवलं. नराला वेगळा डबा, तोही दुसऱ्या खोलीत. मला बंद बाजूंचं एक मोठं खोकं मिळालं. एका टोकाला तळाखाली गरम चादर, ऊब ठरलेल्या पातळीवर ठेवणाऱ्या यंत्रासकट. दुसरं टोक गार. दोन्हीकडे एकेक मातीची कुंडी पालथी घातलेली, कडेला आत शिरण्यापुरतं भगदाड. कुंडी घट्ट हवी, अंगाला चारी बाजूंनी टेकेल अशी. रिकामी ऐसपैस जागा म्हणजे आम्हाला संकट वाटतं. खाली नारळाचा भुसा आणि ओलं शेवाळ. ती मला उगाच उचलत नसे. दिवेलागणीला यायची, पाणी बदलायची, वजन करायचं असेल तर करायची आणि जायची.

खाणं ती आठवड्यातून एकदाच पुढे करायची. गोठवलेला उंदीर आधी गार पाण्यात सैल करायचा, मग गरम पाण्यात बुडवून जिवंत असल्यासारखा कोमट करायचा, लांब चिमट्याने कुंडीच्या तोंडाशी धरायचा. मी घेतला नाही की ती उचलून न्यायची. रागावायची नाही, नाकाशी घासायची नाही. असे कितीतरी आठवडे गेले. दाराबाहेरून रणवीर विचारायचा, "खाल्लं?" ती म्हणायची, "नाही." तिच्या हाताची ऊब त्या वेळी खाली उतरायची.

एका संध्याकाळी मी झडप घातली. का, ते सांगता येत नाही. कुंडी माझी वाटायला लागली होती. मी विळखा घातला, गिळलं. बाहेर संयोगिता जमिनीवर बसली होती ती तशीच बसून राहिली. बऱ्याच वेळाने उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन म्हणाली, "आत्याबाई, तिने खाल्लं." सासूला ती आत्याबाई म्हणते.

"सरी," सगुणाबाई म्हणाल्या. "आता तू पण जेवून घे."

पण उशीर झाला होता. काचेच्या पेटीत नराबरोबर काढलेल्या दिवसांत थंडी पडली होती, आणि मी गाभण होते. माझं अंग मध्यापासून फुगलं. मी कधी गार टोकाला जाऊन पडायचे, कधी उबेवर उताणी. संयोगिताने मला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पोटाखालून बोटं फिरवली.

"अंडी आहेत. पण हिच्या अंगात ती पोसायला काही नाही. इतक्या वर्षांचं सगळं अंड्यांतच गेलंय."

"मग?"

"घालेल. ते आता थांबवता येत नाही. पिल्लं नको असतील तर घातल्या दिवशीच काढून फ्रीझरमध्ये ठेवा. आत काही जागं व्हायच्या आधी. कुणाला त्रास होत नाही."

त्या संध्याकाळी घरात बोलणं झालं. मागच्या खोलीच्या दारातच, म्हणून मला सगळं कळलं.

रणवीर खूश होता. "आपल्या घरात पिल्लं होणार," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"ही जात तीस वर्षं जगते," संयोगिता म्हणाली. "हिला कुणी घेत नव्हतं म्हणून ही आपल्याकडे आली. पिल्लांना आज सगळे घेतील. मोठी झाल्यावर त्यांचंही हेच होणार. घातली की मी काढणार आहे."

स्वयंपाकघराकडून जड पावलं आली आणि प्रथमच त्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आली.

"ह्या घरात तिच्या खालून अंडी काढायची नाहीत," सगुणाबाई म्हणाल्या.

"नागदोष लागेल म्हणून?"

"काढायची नाहीत म्हटलं ना."

"आत्याबाई, तुम्ही दर मंगळवारी पिंपळाखालच्या नागाच्या दगडांना पाणी घालून येता. कशासाठी घालता, मला माहीत नाही का? माझ्या बाबतीत झालं ते असल्याच कशानं तरी झालं, असंच वाटतं तुम्हाला."

"मी तुला कधी बोल लावला?"

"बोलून नाही लावला."

रणवीर मध्ये उभा होता. तो एकदा आईकडे वळला, एकदा बायकोकडे, आणि मग त्याची पावलं बाहेर गेली. सगुणाबाईही गेल्या. संयोगिता माझ्या खोक्यावर हात ठेवून उभी राहिली. झाकणातूनही मला तो हात कळत होता.

चिंचेच्या दिवसांत, एका सकाळी मी अंडी घातली. सहा. एकमेकांना चिकटलेली, मऊ सालीची. मी त्यांच्याभोवती फिरले, पहिला विळखा घातला, दुसरा घातला, डोकं वर टेकवलं. आणि थांबले. आता हात येणार हे मला ठाऊक होतं.

झाकण उघडलं. संयोगिताचे हात आले. तिने माझ्या डोक्यावर एक फडकं टाकलं, म्हणजे मी घाबरू नये. मग वरचा विळखा धरून हळूच उचलायला लागली. मी आवळलं. तिने पुन्हा उचललं. मी पुन्हा आवळलं. माझ्यात जोर फारसा नव्हता. त्रिविक्रमने हे काम केव्हाच संपवलं असतं.

तिचे हात माझ्या अंगावर तसेच राहिले. ते गार पडत गेले. मग तिने फडकं काढून घेतलं आणि झाकण बंद केलं.

"मला नाही जमलं," ती बाहेर जाऊन म्हणाली.

रणवीर म्हणाला, "असू दे मग."

"असू दे म्हणून होत नाही. एकही पिल्लू असंच कुणाला द्यायचं नाही. घर मी स्वतः जाऊन बघणार. घर नाही मिळालं तर इथेच राहतील, आणि त्यांचं सगळं तू करशील. मी एकटी नाही."

"सरी," तो म्हणाला. मग म्हणाला, "मी करीन, संयोगिता. खरंच."

आणि अशी मी आयुष्यात पहिल्यांदा बसले.

त्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं फार नाही, आणि माझ्या आयुष्यातले तेवढेच दिवस मला पुन्हा हवेसे वाटतात. मी हलत नव्हते. अंड्यांना ऊब कमी वाटली की वेटोळं घट्ट करायचे, जास्त वाटली की सैल. खोलीत कुणी मोठ्याने बोलत नसे.

काही दिवसांनी दाराशी एक खुर्ची आली. सगुणाबाई चिंचेची परात मांडीवर घेऊन तिथे बसायला लागल्या. दुपारभर चिंच सोलायच्या, चिंचोके काढून बाजूला टाकायच्या. आत येत नसत. एकदा संयोगिता लवकर घरी आली आणि त्यांना तिथे पाहून थबकली.

"वारा येतो इथे," सगुणाबाई म्हणाल्या. त्या खोलीत वारा यायला खिडकीसुद्धा उघडी नसायची. मग त्या म्हणाल्या, "रंग बघ हिचा. अगदी चिंचोक्यासारखा." त्या दिवसापासून मी चिंचोकी झाले. त्याआधी मला नाव नव्हतं, खणाचा आकडा होता.

संयोगिताने एका दुपारी खोलीत अंधार केला, माझं वेटोळं न हलवता बाजूने दिसणाऱ्या अंड्यांना बारीक टॉर्च लावला. मग तिने रणवीरला हाक मारली. "बघ," ती म्हणाली. "शिरा. लाल." दोघं एकाच अंड्यावर वाकली होती. त्यांच्या उबा माझ्या इतक्या जवळ एकत्र कधी आल्या नव्हत्या. रणवीरने संध्याकाळी तिला विचारलं की पिल्लांना किती मोठे डबे लागतील, आणि तिने त्याला नीट बसवून सांगितलं.

मग दोन अंडी पिवळी पडली. त्यानंतर तिसऱ्याला खळगा पडला. संयोगिताने पुन्हा अंधार केला, पुन्हा टॉर्च लावला. या वेळी तिने कुणाला हाक मारली नाही. शिरा फिकट होत होत्या. फोनवर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमची चूक नाही. हिच्याकडे द्यायलाच काही नव्हतं." त्यानंतर एका आठवड्यात उरलेल्या अंड्यांतही काही दिसेनासं झालं.

मी बसूनच होते. मला वास येत होता, नाही असं नाही. पण वेटोळं सोडायचं कसं, हे माझ्या अंगाला माहीत नव्हतं.

"काढते आता," संयोगिता दाराशी म्हणाली. "बुरशी धरेल. तिलाही अपाय होईल."

"स्वल्प थांब." सगुणाबाईंनी परात खाली ठेवली. "डॉक्टर काय म्हणते? आजच काढायला हवीत?"

"दोन-तीन दिवस चालतील म्हणाली."

"मग बसू दे तिला. तिची ती उठेल."

"आत्याबाई, आत काही राहिलं नाही. आता कसला दोष?"

"दोषाचं मी त्या दिवशीही बोलले नव्हते." खुर्ची करकरली. त्यांचा आवाज खुर्चीच्या पायांतून खाली येत होता, त्यामुळे मला फार स्पष्ट कळला. "रणवीरच्या आधी मला मुलगी झाली होती. पूर्ण दिवसांची. रडली नाही. माझ्या सासूबाईंनी टॉवेलात गुंडाळली आणि घेऊन गेल्या. मी म्हटलं, एकदा बघू द्या. म्हणाल्या, बघितलंस तर विसरणार नाहीस. न बघता तरी कुठे विसरले. अजून मला तिला चेहराच लावता येत नाही. रणवीरला हे ठाऊक नाही. त्याच्या वडिलांनी पुन्हा विषय काढला नाही आणि मलाही काढू दिला नाही."

संयोगिता आत येऊन माझ्या खोक्यापाशी जमिनीवर बसली.

"मला नर्सने विचारलं होतं," ती म्हणाली. "बघायचंय का म्हणून. रणवीर नको म्हणाला. मग मीही नको म्हटलं."

"आणि आता?"

"रोज वाटतं."

"मी दगडांना पाणी घालते ते माझ्या मुलीसाठी घालते," सगुणाबाई म्हणाल्या. "तिचं दुसरं काही माझ्याकडे नाही. तुला वाटलं तुझ्यामुळे. वाटणारच. मी तरी कुठे सांगितलं होतं?"

मग पावलं आली, उंबरा ओलांडून आत. सगुणाबाई माझ्या खोक्यापाशी, संयोगिताच्या शेजारी, जमिनीवर बसल्या. म्हाताऱ्या गुडघ्यांना वेळ लागला. दोघी तिथे संध्याकाळपर्यंत होत्या. बोलल्या असतील तर फार हळू, मला काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी उठले. कुणी विळखा सोडवला नाही. अंड्यांवरून मी जीभ फिरवली, एकेकावरून, आणि त्यांत माझं असं काही उरलं नव्हतं. मी गार टोकाच्या कुंडीत गेले.

संयोगिताने अंडी एका जुन्या सुती साडीच्या तुकड्यात उचलली. मागच्या आवारात कढीपत्त्याचं झाड आहे, त्याच्या खाली रणवीर खणत होता. मला ते दिसलं नाही. कुदळीचे ठोके जमिनीतून आले.

"एवढं बस झालं?" रणवीरने विचारलं.

"अजून स्वल्प," सगुणाबाई म्हणाल्या.

खणणं संपल्यावरही दोघी तिथे उभ्या होत्या. रणवीर एकदा घराकडे निघाला, मग परत आला. संयोगिता त्याला काहीतरी सांगत होती. थांबत थांबत, बराच वेळ. त्यातलं 'मला बघायचं होतं' एवढंच मला कळलं. त्यानंतर कुदळ जमिनीवर पडल्याचा आवाज आला, आणि मग कितीतरी वेळ एकही पाऊल हललं नाही.

अंड्यांचा वास अंगाला राहिला तर मादी ती नसतानाही बसून राहते आणि खात नाही. म्हणून तिला धुवावं लागतं. संयोगिताने एका पसरट टबात कोमट पाणी घेतलं आणि मला त्यात धरलं.

"तांब्या द्या मला," सगुणाबाई म्हणाल्या.

"तुम्ही?"

"पाणी जरा गरम कर. इतक्या गारढोण पाण्याने कुणी बाळंतिणीला न्हाऊ घालतं?"

"जास्त गरम चालत नाही हिला, आत्याबाई."

"असू दे मग. तुला माहीत."

त्यांनी तांब्याने हळूहळू पाणी घातलं. मग दुसरा हात माझ्या पाठीवर ठेवला. पहिल्यांदाच. उंदराने कुरतडलेली जागा खरबरीत राहिलीय, तिथे त्यांची बोटं थांबली आणि तिथून पुढे फिरली. सुरकुतलेला हात होता, पण त्याची ऊब स्थिर होती. खोकं संयोगिताने घासून काढलं, नवा भुसा घातला, आणि त्या आठवड्याच्या शेवटी मी एक लहान उंदीर खाल्ला.

आता पावसाळा अर्ध्यावर आलाय. माझं वजन अजून जेमतेम आहे. भरून यायला वर्ष लागेल, कदाचित दोन. नराचा डबा रणवीरच्या हाती आहे आणि तो डबा माझ्या खोलीत येत नाही. यापुढे मी अंडी घालणार नाही, असं संयोगिताने डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलंय. मी इथेच राहीन असंही ती म्हणाली. पण अजून निदान पंधरा-वीस वर्षं मी जगेन, आणि माणसांची घरं बदलतात, नोकऱ्या बदलतात, माणसं जातात. रात्रीची मी कुंडीबाहेर येते तेव्हा कधी कधी याचीच भीती वाटते. पुन्हा कापडी पिशवी, पुन्हा गाठ.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. साप घ्यायचाच असेल तर मोठा झालेला, कुणाला नको असलेला घ्या. आधी त्याला अंधार द्या, मग ऊब, मग खाणं. आणि त्याने खाल्लं नाही तर दाराबाहेर थांबा. नर-मादी एकत्र ठेवून गंमत बघू नका. आणि कुणी काही कवटाळून बसलं असेल, तर घाई करू नका.

परवा नागपंचमी झाली. शेजारच्या सोयराबाई दुधाची वाटी घेऊन आल्या. तुमच्याकडे आहे म्हणे, दर्शन घेते, म्हणाल्या. सगुणाबाईंनी त्यांना मागच्या खोलीच्या दाराशीच थांबवलं.

"दूध पीत नाही ती. वाटी घरी न्या."

"अंडी घातली होती ना तिने? पिल्लं किती झाली?"

स्वयंपाकघरात भांडी विसळण्याचा आवाज थांबला. संयोगिता ऐकत होती.

"पिल्लं नाही राहिली," सगुणाबाई म्हणाल्या. "पण बाळंतपण झालंय तिचं. दमलीय. हळू बोला."